हेतुकथन राहिलं की

विषय : नववी ‘ब’ या वर्गाचे आभार मानणेबाबत.
संदर्भ : माझा सराव पाठ क्रमांक तीन, ‘काळी माती’, सन १९७४.

...आणि मला सांगा, पाठाचं नाव पाठाआधी सांगायचं नाही, हा कुठला न्याय? पण बी.एड.ला तसाच नियम! आधी आडून आडून प्रश्न विचारायचे, मुलं आपल्या पायांनी विषयापाशी आली, की मग गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, ‘आज आपण अमुक शिकणार आहोत.’ याला हेतुकथन म्हणतात. माझे पहिले दोन पाठ पडले होते, तिसरा पडला तर वर्ष गेलं, आणि आमचे अप्पा सांगूनच बसलेले, “सिद्धाराम, नापास झालास तर करकंबच्या दुकानात ये. गुळाच्या ढेपा उचलायला माणूस पायजेच हाय.”

तर शुक्रवार पेठेजवळची शाळा, मागच्या बाकावर पाठ तपासायला तांबडं पेन घेऊन आमच्या कॉलेजच्या मालतीबाई, काटकोनात बसलेल्या, आणि मी रात्रभर घोकलेला पहिला प्रश्न टाकला, “सोलापूर कशासाठी प्रसिद्ध आहे?”

तुम्हाला सांगतो, अख्खा वर्ग एका दमात म्हणाला, “चादर, सूत, कापूस, काळी माती!”

संपलं! माझे चार प्रश्न, पाच मिनिटांची प्रस्तावना, पाच सेकंदांत खलास! त्या पोरांवर दरवर्षी डझनभर भावी शिक्षक सराव करून गेलेले, आणि सोलापुरात काळ्या मातीकडे जायचं तर प्रत्येक जण चादरीवरूनच जाणार, दुसरा रस्ता आहे कुठं? मी खडू धरून उभा. डोळ्यांपुढं ढेपा... एकावर एक रचलेल्या...

तेवढ्यात पहिल्या बाकावरची रुद्राणी, वहीत मान घालून, ओठ न हलवता म्हणाली, “सर, हेतुकथन राहिलं की.”

राहिलं होतं! मी केलं. फळ्यावर नाव लिहिलं. पण पुढं? यांना सगळंच येतंय, शिकवू काय? तर रुद्राणीनं मागं वळून नुसतं पाहिलं हो, आणि त्या वर्गाला एकाएकी काही म्हणजे काही येईना. कापूस झाडाला लागतो की वेलीला, यावर वाद! अक्कलकोटकडचा मल्लप्पा उठला, ज्याच्या टाचांना रानाइतक्याच भेगा, आणि जन्मात माती न पाहिल्यासारखा विचारतो, “सर, काळ्या रानाला भेगा कशानं पडत्यात?” मी सांगितलं. “आसं व्हय!” म्हणून तो खाली बसला. काय तो अभिनय! मी शिकवत गेलो, पोरं चुकीची उत्तरं देत गेली, मी सुधारत गेलो, घंटा झाली.

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, “पाठ चांगला झाला. मुलांनी चांगला घेतला.”

कोणी घेतला म्हणाल्या, ते ऐकलंत ना? मीही ऐकलं. पास झालो.

त्याच उन्हाळ्यात, त्याच शाळेत शिक्षक व्हायचं म्हणून शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात अर्ज दिला. अक्षर मोत्यासारखं! उत्तर येईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून त्याच कार्यालयात तात्पुरता कारकून लागलो. आठव्या वर्षी एक जुना गठ्ठा माझ्या टेबलावर आला, सोडला, तर आत माझाच अर्ज. समासात शेरा : ‘विषय नमूद नाही. कोणत्या टेबलाकडे पाठवावा, अर्जदाराने खुलासा करावा.’

पाहिलं... खरंच की! मायना आहे, मजकूर आहे, सही आहे, विषयाची ओळच नाही. आणि इथं पुढच्या बाकावर रुद्राणी नव्हती हो, ‘सर, हेतुकथन राहिलं की’ म्हणायला.

आता खुलासा मागायचा कारकुनानं, द्यायचा अर्जदारानं, आणि दोघंही मीच! दुसऱ्याच्या अर्जात आपण ओळ घालत नाही, मग स्वतःच्या कशी घालणार? नियम आहे. सव्वीस वर्षं तो माझ्याच टेबलावर राहिला. निवृत्तीच्या दिवशी कार्यभार सोपवताना यादीत लिहिलं : प्रलंबित अर्ज, एक.

नववी ‘ब’चा मात्र मी आभारी आहे असं कळवतो, एक पाठ तरी मिळाला, आणि तोही पास.

शिक्षकपदाचा सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.