हातभर चुकलेला जिना

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे तळमजल्यावर पुस्तकं बांधणारे आपले बाइंडरकाका. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या थोरल्या बाई. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सख्ख्या भगिनी, अर्थात धाकट्या बाई. या लाकडी इमारतीत रोज राबणारे शिंपी, घड्याळजी, संगणकवाले. आणि जागा नाही म्हणून जिन्यावर बसलेले, तसेच समोर खुर्च्या रिकाम्या असूनही जिन्यावरच बसलेले माझे सर्व सहकारी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी या दोघी वास्तुरचनाकार बहिणींच्या ऑफिसातला साइट सुपरवायझर. माझं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलंय, बाकी सगळे मला 'टपाल' म्हणतात. ते का, हे सांगायला मला आज परवानगी मिळाली आहे. मी मागितली, तर दोघी एकदम म्हणाल्या, "सांग की." दोघी एकदम, हे लक्षात घ्या.

थोरल्या बाईंबद्दल मी काय बोलावं? आयुष्यभर लाकडात काम केलं. पाडलेल्या गोदामांच्या तुळया शोधून आणायच्या, खिळे उपटायचे, आणि त्यातून नवी इमारत उभी करायची. सगळे सांधे खुंट्यांचे नाहीतर बोल्टचे, म्हणजे उद्या गरज संपली तर लाकूड पुन्हा सुटं करता यावं. आणि त्या इमारतीत माणसांनी एकमेकांशी बोलावं, एकमेकांच्या कामाला हात लावावा, हा त्यांचा ध्यास. छानच आहे. फक्त ही इमारत बांधत होतो तेव्हा त्यांचं स्वतःच्या बहिणीशी बोलणं बंद होतं.

झालं असं की, पहिल्याच बैठकीत तुम्हा सगळ्यांसमोर दोघींची जुंपली. थोरल्या बाईंना हवं होतं एकच मोठं दालन, भिंत म्हणून नाही. धाकट्या बाईंना हव्या होत्या खोल्या, दाराच्या. धाकट्या म्हणाल्या, "ताई, तुझ्या दालनात माणसं भेटत नाहीत, नुसती दिसतात." थोरल्या म्हणाल्या, "आणि तुझ्या खोल्यांत माणसं लपून बसतात." एवढंच. वाटलं, संध्याकाळपर्यंत निवळेल. कसलं काय, वर्ष उलटलं.

तोड निघाली ती अशी: तळमजला थोरल्या बाईंचा, वरचा मजला धाकट्या बाईंचा. घर एक, डबा एक, त्याच डब्यातली भाजी एकीनं दुसरीपुढे सरकवायची, पण शब्द नाही. शब्द न्यायला मी. "तिला सांग, खिडक्या आल्या." "तिला सांग, आंधळी नाही मी, दिसल्या." बरं, मधले टोमणे गाळायची सोय नाही. गाळले तर "एवढंच म्हणाली?" म्हणून उलटतपासणी.

माणसानं किती सोसायचं? एक दिवस मी दोघींना स्वच्छ सांगितलं, यापुढे विटा, लाकूड, मजूर सगळं सांभाळीन, पण निरोप्या होणार नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, सुटलो एकदाचा. ती म्हणाली, "तुम्ही सुटलात. त्यांचं काय?" मला खरी भीती तीच होती. थोरल्या बाईंचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते, निवृत्तीची भाषा सुरू झाली होती. या दोघी अशाच अबोल राहिल्या आणि थोरल्या एक दिवस तशाच निघून गेल्या, तर? मी दोघींचं मीठ खाल्लेलं. मी कुणाच्या बाजूला उभा राहू?

तर त्याच आठवड्यात थोरल्या बाईंनी ओल लाकडाला लागू नये म्हणून तळमजल्याची जमीन वीतभर उचलली. आणि धाकट्या बाईंनी छपराखाली हवा खेळावी म्हणून वरची जमीन वीतभर खाली घेतली. दोन्ही निर्णय उत्तम. एकमेकींना कळवायचं मात्र कुणी? टपाल संपावर.

जिना बसवायच्या दिवशी खालून आलेल्या पायऱ्या आणि वरून आलेल्या पायऱ्या मधल्या लँडिंगवर भेटल्या, ते हातभर अंतर ठेवून. म्हणजे चढून आल्यावर आधी हातभर खाली उडी मारायची, मग पुन्हा चढायचं. सुतार माझ्याकडे बघतायत, मी आकाशाकडे.

दोघी आल्या. धाकट्या बाई टेप धरून माप घेत मागे मागे सरकत होत्या. कठडा अजून बसला नव्हता. आणि थोरल्या बाई ओरडल्या, "अगं ए, मागे बघ, पडशील."

मला नाही म्हणाल्या. तिला म्हणाल्या. धाकट्या बाई तिथेच खाली बसल्या, त्याच हातभर उंच कडेवर. थोड्या वेळानं थोरल्या बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "किती चुकलंय गं?" "हातभर." "कुणाचं?" मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या दोषावर. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात हसलो.

सुतारांनी विचारलं, तोडायचं का? थोरल्या बाई म्हणाल्या, "चूक आपली, तुळईनं का मरायचं?" धाकट्या बाई बसल्या जागी पाय हलवत म्हणाल्या, "ताई, बसायला मात्र झकास आहे." मग लँडिंग चांगलं ऐसपैस केलं, एका कोपऱ्यात उतरायला पायरी दिली, बाकी सगळी ती लांबलचक बैठक. तुम्ही आज बसलात तीच. ना पुरतं दालन, ना पुरती खोली. शिंप्याला घड्याळजींचं भिंग लागतं हे तिथेच कळलं, आणि संगणकवाल्यांनी बाइंडरकाकांचं दुकान तिथेच बसून इंटरनेटवर जगाला दाखवलं.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. थोरल्या बाईंनी जुन्या सवयीनं मला हाक मारली. "टपाल, धाकटीला सांग, माझं टेबल खिडकीपासून हलवू नको म्हणावं." मी उठतोय, तेवढ्यात म्हणाल्या, "राहू दे. मीच सांगते." आणि त्या गुडघ्यांनिशी चढल्या, हातभर उतरल्या, पुन्हा चढल्या. मग वरून दोघींचा आवाज यायला लागला. टेबलावरून कडाक्याचं भांडण. मी खाली बसून सबंध कप चहा गरम गरम प्यायलो.

बाई, तुम्ही सुखानं जा. तुमचं टेबल खिडकीशीच राहणार आहे, असं मला धाकट्या बाईंनी समक्ष सांगितलंय. तुम्हाला कळवायला नाही, त्यांनी तुम्हालाही सांगितलंय.

अध्यक्षांचा, दोन्ही बाईंचा आणि तुम्हा सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. आणि राग आलाच असेल, तर थेट मला येऊन सांगा. कुणाच्या हाती धाडू नका.