फुकट आलेला पहिला नंबर

सांगतो, सांगतो — पण मला सांगायची हौस नाय, हे आधी लिही तुझ्या त्या कागदावर. शेजारच्या झेरॉक्सवाल्या संजनानं पाठवलं म्हणून बसवून घेतलं तुला, नाहीतर माझ्या दुकानात माणसं माप द्यायला येतात, माझ्या पोटातलं काढायला नाय. काय नाव म्हणालीस? योगिनी. बरं. तर नाशकाहून इथं देवळाली कॅम्पात आलीस कशाला, तर ही येडी माणसं आपले कॉम्प्युटर फुकट शास्त्रज्ञांना का देतात, आणि देतात ते देतात, वर टीमा कशाला करतात — हे विचारायला. याच्यावर डिग्री मिळते? मिळत असंल. बस त्या स्टुलावर. आणि नुसती बसू नको, ही सुई ओव. घे. माझं काय अडलेलं नाय, पण तुझे हात रिकामे हायत.

वाच पहिला प्रश्न. 'टीममध्ये सामील होण्याचे कारण. अ, विज्ञानाला मदत.' — हॅ! पोरी, आमची टीम 'कॅम्प बाजार गणक मंडळ', माणसं चौदा, त्यातले नऊ पदाधिकारी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष, एक सल्लागार — तो सल्लागार कॉम्प्युटरला टीव्ही म्हणतो. विज्ञान कुणाला माहितीये यात? मला माहिती हाय थोडं, मी संजनाला विचारून घेतलं. कुठलातरी जंतू हाय, त्याच्या अंगाला कुठलं औषध बसतं ते बघायचं. म्हणजे ट्रायलच की. लाख कपडे एकेक करून अंगावर चढवायचे, खांद्यात धरतो का, काखेत ओढतो का, नाय बसला की काढायचा, दुसरा. माणसानं केलं तर जन्म जाईल, म्हणून तो शास्त्रज्ञ जगातल्या सगळ्या रिकाम्या कॉम्प्युटरांना थोडं थोडं वाटून देतो. मला पटलं. चाळीस वर्षं फौजींच्या वर्द्या शिवल्या, ट्रायलची किंमत मला कळते. पण औषध सापडलं का, असं आमच्या मिटिंगीत कुणी एकदा तरी विचारावं! नाव नको. विचारतात काय, तर तिकडच्या देवळा तालुक्यातल्या टीमचा गुणांचा आकडा किती झाला. ती देवळ्याची कांद्याची व्यापारी माणसं, त्यांनी कांद्याच्या चाळीत तीन कॉम्प्युटर चालू ठेवलेत, त्यांनी आम्हाला मागं टाकलं, तर आमच्या अध्यक्षांना दोन दिवस जेवण गेलं नाय.

आता गंमत ऐक. कॉम्प्युटर रिकामा असंल तेव्हाच हे गणित करायचं, बरोबर? तुझ्या कामाच्या आड यायचं नाय, असा त्याचा कायदा. आमच्या बाजारानं काय केलं? जेवढं गणित तेवढे गुण, आपलं काम केलं की गुण कमी पडतात, म्हणून कॉम्प्युटरला कामच देईनात! संजनाचं झेरॉक्सचं दुकान, गिऱ्हाईक आलं की म्हणते, 'उद्या या काका, मशीन बिझी हाय.' काय करतंय? रिकामं बसलंय. मी तरी काय वेगळा? पुतणीनं, तृप्तीनं, मला हा कॉम्प्युटरचा डबा दिला तो गिऱ्हाइकांची मापं ठेवायला. मापं अजून वहीतच हायत. डब्याला टेबलफॅन लावून दिलाय, आणि मी गरमीत बसतो.

सुई झाली? खोच त्या सुयांच्या गादीत. दुसरी घे. — दोरा बोटाएवढा जास्त सोड, आखूड नको. हां, तसा.

पुढं. 'ब, नव्या ओळखी.' नव्या कशाला पाहिजेत? जुन्याच निभत नाय. 'क, स्पर्धा.' हां, इथं टिक कर. एकट्यानं गणित केलं तर जगात मी तीन लाख कितवातरी. संजनानं माझं नाव शोधायला पुढचं पान, पुढचं पान करून करून बोट दुखवून घेतलं. आणि टीममध्ये? दुसरा! सरळ दुसरा. माणूस टीममध्ये जातो तो याच्यासाठी, लिही. जगात कुणी नसलं तरी चौदा जणांत दुसरा असतो.

पहिला कोण? हाय एक. सुरगाण्याचा.

नाव नाय घेत मी त्याचं. अकरा वर्षं घेतलेलं नाय. तिथं यादीत लिहिलेलं हाय, वाच तुझं तू. — मोठ्यानं नको! इथंच होता तो, त्या दुसऱ्या मशीनवर. डोंगरातला माणूस, भाताच्या मळणीनंतर कामाला म्हणून आला आणि सव्वीस वर्षं राहिला. हात असा की रेजिमेंटचे सुभेदार नाव घेऊन त्याला मागायचे. मग एक दिवस दुकान भरलेलं, परेड तोंडावर, चार फौजी उभे, आणि एका सुभेदाराच्या कॉलरची शिवण वाकडी गेली. माझ्या हातून गेली. होतं कधीकधी. तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, 'साहेब, मालकाला आता दिसत नाय, द्या इकडं, सुया पण मीच ओवून ठेवतो.' हसले ना सगळे! सुभेदार हसला. मी म्हणालो, ऊठ. उठला. कात्री ठेवली, चप्पल घातली, गेला. मला वाटलं, चहाच्या वेळेला येईल, चुकलं म्हणंल. अकरा वर्षं चहा पितोय मी एकटा.

खोटं बोलला का? — तू फार विचारते गं. खोट्याचा काय संबंध. खरं असलं म्हणून चारचौघांत बोलायचं? तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि बघतो तर गादीत दहा सुया, सगळ्या बिनदोऱ्याच्या. तेव्हा कळलं मला. चार वर्षं रोज सकाळी माझ्या आधी येऊन दहा सुया ओवून खोचून ठेवायचा. कधी तोंडानं बोलला नाय. मी पण विचारलं नाय की या ओवल्या कुणी. मी समजायचो आदल्या दिवशीच्या उरल्या. — समजायचो म्हणजे, तसं धरून चालायचो.

ते लिहू नको. खोड. ते तुझ्या प्रश्नात नाय.

तर टीम. मी टीममध्ये गेलो आणि महिन्याभरात यादीत खाली एक नाव आलं, पुढं 'सुरगाणा'. त्याच्या सुनेचं तिथं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय, तिच्या कॉम्प्युटरवरून. आता जगात टीमा किती? संजना म्हणते हजारो. जर्मनीच्या हायत, जपानच्या हायत. ह्याला कॅम्प बाजारचीच सापडली? मला खाली पाडायला आला, दुसरं काय! आणि तीन महिन्यांत गेला की वर. मी फॅन आणला, तर त्यानं काय आणलं कोण जाणे, अजून वर. म्हणून मी रोज शटर उघडलं की आधी तो आकडा बघतो. देवपूजा मागनं. कालच्यापेक्षा वाढलेला असला की म्हणायचं, हां, हाय. चालू हाय. मशीन चालू हाय, असं म्हणायचंय मला. मग दिवाबत्ती, मग कात्री.

आता परवा संजना पेढे घेऊन आली. 'काका, तुम्ही एक नंबर झालात!' मंडळ शाल देणार म्हणे, बॅनरवर फोटो, अध्यक्षांच्या फोटोएवढाच, त्यावरून भांडणही झालं. मी पेढा घेतला नाय. एक नंबर झालो कसा? मी चढलो नाय काही. तो थांबलाय. नऊ दिवस झाले, त्याचा आकडा तिथंच हाय. पहिल्या दिवशी म्हटलं, लाईट गेली असंल, तिकडं वारं सुटलं तरी लाईट जाते. चौथ्या दिवशी म्हटलं, सून माहेरी गेली असंल, दुकान बंद. सहाव्या दिवशी संजनानं फोन लावला, मी नाय, तिनं लावला, मी फक्त नंबर दिला, नंबर होता माझ्याकडं — तर बंद. सत्तरी ओलांडलेला माणूस. छातीत कळ यायची त्याला, इथं असतानाच यायची, मशीनवर डोकं टेकून बसायचा आणि मी विचारलं की म्हणायचा, दोरा तुटला.

जरा ते पान परत उघड बरं. दाब. परत दाब. — तेवढाच? नीट बघ, तुझे डोळे चांगले हायत. तेवढाच.

चल, ऊठ. तुझा कागद आवर. शेवटचं 'ड, इतर' मोकळं राहू दे, मी येऊन सांगतो काय लिहायचं ते. शटर खाली ओढायला हात लाव, मला एकट्याला होत नाय. नाशकाला बस मिळंल आत्ताची, पुढं सुरगाण्याची एसटी, नाय मिळाली तर जीप. फॅन? राहू दे चालू. नाय — बंद कर. कॉम्प्युटर पण बंद कर. मला तसला पहिला नंबर नको. ती सुयांची गादी दे पिशवीत, तू ओवलेल्या दोन काढून घे आधी, बिनदोऱ्याच्या सुयाच नेतो. त्याच्यापुढं ठेवणार आणि म्हणणार, माफी मागितल्याशिवाय जायचं नाय तू कुठं.

कुणापुढं म्हणजे? इतका वेळ काय ऐकत होतीस? फकिरा. फकिरा गावित.