दार मी उघडलं होतं, पण

...आता ते दार मी एकदाच उघडलं की पुन्हा उघडलं, हे मला नीट आठवत नाही, आणि लोकांना नेमकं तेवढंच विचारायचं असतं. जन्मभर काय काम केलं, ते कोणी विचारत नाही. दार किती वेळा उघडलंत? एकदा, असं मी म्हणतो, पण म्हणता म्हणता माझाच आवाज पडतो. कारण मी मुळात असा माणूस आहे, तुम्हाला सांगतो, की बाहेर पडलो की अर्ध्या जिन्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघतो, आणि रस्त्यावर पोचल्यावर वाटतं, ओढताना निघालं तर नसेल? असला माणूस एकदाच उघडून थांबला असेल, यावर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?

पण दार कसलं, ते आधी सांगायला हवं. आपल्या पेशीत सारखे निरोप फिरत असतात. अमुक बनवा, तमुक थांबवा. त्या निरोपांना आरएनए म्हणतात. आणि हे निरोप धरून ठेवणारी, फाटू न देणारी, जागेवर पोचवणारी प्रथिनं असतात. त्यातलं आमच्या वाट्याला आलेलं प्रथिन म्हणजे कुंभकर्ण. पेशीला गारठा लागला तरच उठायचं, एरवी घोरत पडायचं. पण उठलं की मेंदूतल्या थकलेल्या पेशी तग धरायच्या. आता म्हाताऱ्या माणसांना काय बर्फात ठेवणार? म्हणून गारठा न देता, नुसत्या औषधानं त्याला उठवायचं, एवढंच आमचं काम. मी हे घरी समजावून सांगितलं, तर आमची ही म्हणाली, "म्हणजे पांघरूण न ओढता उठवायचं. जमलं की आधी आपल्या चिरंजीवांवर करून बघा." सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुडघ्यांना चालेल का?"

हसू नका. संस्थेच्या समितीतही कोणीतरी हेच विचारलं होतं, फक्त शब्द लांब होते.

औषध बनवायचं काम आमच्या साडूंचं. ते रसायनशास्त्रातले, मी पेशींतला. एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, आणि सणावाराला एकाच पंगतीत. म्हणजे माणसाला कुठे पळायची सोय नाही. ते एकेक संयुग बनवून आणायचे, मी पेशींवर घालायचो, आणि पेशी उठायचं सोडून कायमच्या झोपायच्या. साडू बाटली परत घेत म्हणायचे, "तुमच्या पेशी नाजूक आहेत, नाही का." ते प्रत्येक वाक्याला शेवटी 'नाही का' लावतात, पण विचारत कधीच नाहीत.

आणि मग एक संयुग आलं. पाण्यात विरघळायचं नाही, उजेड सोसायचा नाही, बाटली जरा हलली की रुसून तळाला बसायचं. आम्ही त्याचं नाव ठेवलं जावई. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पण जावयानं काम केलं हो. प्रथिन उठलं की पेशी हिरव्या चमकाव्यात अशी सोय मी केलेली होती, आणि त्या चमकल्या. पुन्हा केलं, पुन्हा चमकल्या. कोण काही म्हणो, प्रथिन उठलं होतं.

मग समिती यायची ठरली. आवडलं तर आमचा गट चालू राहणार, नाहीतर बंद, असा सरळ मामला. दोन प्लेटी तयार केल्या. एकीतल्या पेशींना जावई दिला, दुसरीला काहीच नाही. पहिली चमकली पाहिजे, दुसरी काळोखी राहिली पाहिजे. दोन्ही एकाच इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. इनक्युबेटर म्हणजे एक कपाट, आत अंगाएवढी ऊब. साडू म्हणाले, "आता उद्या समितीसमोरच उघडायचं, नाही का." मी म्हटलं, अर्थात. ते गेले, आणि माझ्या मनात आलं, दुसरी प्लेट तिरकी तर बसली नसेल? नुसतं बघितलं. सरळ होती. दार लावलं. मग वाटलं, नीट लागलं का?... इथेच माझी आठवण दगा देते. वळून पाहिलं, तर साडू दारात उभे. त्यांची छत्री राहिली होती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष बोलण्याआधी खाकरायचे, त्यामुळे प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं, झालं, निकाल लागला. पहिली प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हिरवीगार. अध्यक्षांनी मान डोलावली, साडू माझ्याकडे बघून हसले. तेवढंच, त्यानंतर ते माझ्याकडे बघून हसल्याचं मला आठवत नाही. मग दुसरी प्लेट. तीही हिरवीगार. तितकीच.

अध्यक्ष खाकरले. "हिला औषध दिलेलं नाही ना?"

"नाही."

"मग ही कशी उठली?"

साडू म्हणाले, "यांनी काल दार उघडलं होतं. गार हवा लागली असणार, नाही का."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "असं झालं असेल?"

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे, शक्यच नाही. मी म्हणालो, "असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे... नसेलही."

अहो, एवढं शिकलो, परीक्षांत नंबर काढले, आणि सगळं त्या एका 'असेल'मध्ये बुडवलं. पुन्हा करून दाखवतो म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, "कपाटाला कुलूप लावून?" आणि समितीतले सगळे सभ्यपणे हसले. गट बंद. जावई बाटलीतच राहिला. कोण काही म्हणो, प्रथिन उठलं होतं. पण कशानं उठलं हे सांगता येत नसेल, तर ते उठलं काय नि झोपलं काय, सारखंच.

नोकऱ्या गेल्या नाहीत, दुसऱ्या गटांत पाठवलं आम्हाला. पण घरात? साडू भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. जेवायला जमलो आणि मी फ्रीजमधून पाणी काढायला उठलो की ते शांतपणे म्हणायचे, "त्यांना बसू द्या, मी उघडतो." गाडीत बसताना, "दार तुमच्या बाजूचं मी लावतो, नाही का." दोघी बहिणींनी आम्हाला टेबलाच्या दोन टोकांना बसवायला सुरुवात केली. सासूबाई गेल्या, तेव्हाही आम्ही दोन टोकांनाच उभे. आणि खरं सांगू का, मला त्यांचा राग येत नसे. मला वाटायचं, बरोबर आहे त्यांचं. मीच उघडलं. एकदा की दोनदा, एवढाच काय तो प्रश्न.

मग साडूंचीच मुलगी, माझी भाची, आमच्याच विषयात शिकली आणि दुसऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. एकदा जेवताना मी खिडकी उघडायला हात घातला आणि तिच्या बापानं नुसतं पाहिलं. ती वैतागून म्हणाली, "तुमचं दोघांचं एकदाचं मिटवूनच टाकते मी." बापाकडून कृती घेतली, जावई नव्यानं बनवून घेतला, आणि काही महिन्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"काका, दार उघडून पाहिलं मी. परत परत उघडलं. पेशींना पत्ताही लागत नाही. तेवढ्यानं त्या गार होत नाहीत."

मी म्हटलं, "नक्की ना? थर्मामीटर तपासलास?"

"काका."

"नाही, सहज विचारलं."

"आता सांगा, त्या दिवसाच्या आधी दोन प्लेटी कुठे ठेवायचात?"

मी म्हटलं, दोन वेगळ्या इनक्युबेटरमध्ये. समितीच्या वेळी मात्र एकातच, शेजारी शेजारी. कोणी म्हणायला नको, की एकीला ऊब जास्त दिलीत. साडू म्हणाले, "ते मीच सुचवलं होतं," आणि पहिल्यांदाच 'नाही का' म्हणायचं विसरले.

भाचीनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग साडू हळूच म्हणाले, "पण दार उघडलंतच ना तुम्ही?"

उघडलं होतं. आजही म्हणतो, उघडलं होतं. भाचीनं मात्र दार बंद ठेवून, वेगवेगळं, एकत्र, उलटसुलट, सगळं करून पाहिलं, आणि नंतर मी स्वतः जाऊन माझ्या डोळ्यांनी खात्री करून घेतली. जावई प्लेटीतून उडून हवेत जातो आणि शेजारच्या प्लेटीत उतरतो. म्हणजे औषध चालत होतं. इतकं चालत होतं, की ज्यांना दिलंच नव्हतं त्यांनाही लागू पडलं. आणि समितीनं त्याला नापास केलं, ते तेवढ्याचसाठी.