तळघरातली शिट्टी

बाबा : थांबव जरा. त्या बाईने आत्ता किती गोळ्या झाडल्या?

मुलगी : बाबा, माझ्या स्टुडिओत तुम्ही पहिल्यांदा आलात. आवाज ऐका, गोळ्या मोजू नका.

बाबा : तीस वर्षं पोलिसांच्या बंदुका दुरुस्त केल्या, मोजल्याशिवाय राहवतंय होय? अकरा झाल्या. रिव्हॉल्व्हर सहाचं. उरलेल्या पाच भुताने भरून दिल्या का?

मुलगी : भुताच्या सिनेमात चालतं.

बाबा : आणि तिने मान वळवली तरी बंदूक खट्ट वाजते. ते कसलं?

मुलगी : ते आपल्या कपाटाच्या कुलपाचं. मी घरीच रेकॉर्ड केलं.

बाबा : तरीच ओळखीचं वाटलं.

मुलगी : हसा तुम्ही. चार वाजता दिग्दर्शक येतोय. हा तळघराचा प्रसंग त्याने दोनदा परत पाठवलाय, भीती वाटत नाही म्हणून. आज जमलं नाही तर काम दुसऱ्याला देणार आहे. माझा पहिला सिनेमा आहे, बाबा.

बाबा : तळघर केवढं?

मुलगी : आपल्या स्वयंपाकघराएवढं.

बाबा : एवढ्याशा खोलीत गोळी झाडते आणि लगेच बहिणीशी कुजबुजते? बहिणीला ऐकूही येतं?

मुलगी : न यायला काय झालं?

बाबा : दुरुस्त झालेली प्रत्येक बंदूक आम्ही बंद खोलीत झाडून बघायचो. कानात कापूस. तरी नंतर कानात नुसती बारीक शिट्टी. दार वाजलेलं कळत नाही, पावलं कळत नाहीत. कुणी अगदी मागे येऊन उभं राहिलं तरी पत्ता नाही.

मुलगी : मागे येऊन उभं राहिलं तरी... बाबा, तुम्ही इथेच बसा. चहा नंतर.

(चार वाजतात. दिग्दर्शक बाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसतो. पडद्यावर तळघर.)

दिग्दर्शक : गोळीनंतर आवाज गेला की काय? नुसती शिट्टी ऐकू येतेय.

मुलगी : मी काढलाय. त्या बाईला जेवढं ऐकू येतं तेवढंच ठेवलंय.

दिग्दर्शक : अगं, पण तिच्या मागे दार उघडतंय. तिला कळत कसं नाही? बाई, मागे बघ. मागे बघ ना...

बाबा : साहेब, माझा हात सोडता का?

दिग्दर्शक : माफ करा. हे डोकं कुणाचं?

मुलगी : यांचं. माझे बाबा.

दिग्दर्शक : हाच आवाज पक्का. बाकीचा सिनेमाही तूच कर. आणखी काही सुचवायचंय, बाबा?

बाबा : गोळ्या सहाच ठेवा.

दिग्दर्शक : सहात भूत मरेल?

बाबा : ते आधीच मेलंय. त्याला सहा काय नि साठ काय.

दिग्दर्शक : बरं, सहा. येतो मी. जिन्यातला दिवा लावा हो कुणीतरी.

मुलगी : बाबा, जमलं. खरंच जमलं. शिट्टी बरोबर होती का?

बाबा : अगदी तश्शी. अंगावर काटा आला.

मुलगी : म्हणजे संध्याकाळी तुम्ही घरी आलात की मी दारातून हाका मारायचे, तेव्हा...

बाबा : तेव्हा तीच चालू असायची.

मुलगी : मला वाटायचं, तुम्ही चिडलाय माझ्यावर.

बाबा : वेडी कुठली. तुझे नुसते ओठ हलताना दिसायचे. ये, खुर्ची इकडे ओढ. काय सांगायचं असायचं ते आता सांग.