उत मावशीच्या अंगाखालची झोळी

नाही, पण मला सांगा, झोळी हलकी हवी, एवढंच तर म्हणणं होतं ना माझं? जंगलात दोन झाडांना बांधायची, आत मी झोपायचं, खाली जळवा असतील त्यांनी खालीच राहायचं... यात चुकलं काय? पण आमची आई! "घरची घेऊन जा की! तुझे आजोबा काय घोरायचे तीत!" अहो, घरची म्हणजे लोखंडी चौकटीची! ती पाठीवर घेऊन मी डोंगर चढू? आणि माझी मैत्रीण लोआन, ती म्हणे, "बघ हं, घाबरट, ऐन वेळी तुझं पोट दुखणार!" म्हटलं नाही, या खेपेला जंगलाच्या ट्रिपला जायचंच! गाडी सुटायच्या आधी पळत बाजारात गेले... भर दुपारी. तिथंच फसले!

तुम्हाला सांगते, दुपारी आमचं अख्खं काओ लान्ह गाव आडवं असतं. दुकानात झोळ्याच झोळ्या, जाळीच्या, जाड कापडाच्या, आणि हलकी, पॅराशूटच्या कापडाची, एकच. तिच्यात कोण? दुकानाची मालकीण, उत मावशी, तोंडावर टोपी ठेवून गाढ! आता दुपारी झोपलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी उठवतं का? मी खोकले. टोपी हलली, मीच दचकले! म्हटलं, ती उठेपर्यंत शेजारच्या झोळीत टेकते, नुसतं वजन झेपतंय का बघते...

"अगं ए!" कानाशी लोआन! मी किंचाळणार, तर तिनं तोंडच दाबलं. "गाडी खोळंबलीय, मूर्ख!" हेही कुजबुजत हं, मावशी झोपलेली ना! म्हटलं, "झोळी हलकी हवी, एवढंच..." "मग उठव तिला!" "तू उठव!" "मी का?" आणि भांडता भांडता लोआनबाई पलीकडच्या झोळीत टेकली... झोपी गेलीच! मग गाडीवाले ताम काका, लालबुंद, हात नाचवत, आवाज मात्र डासाएवढा, "पोरींनो, जंगल काय तुमची वाट बघत बसणारेय?" आणि घाम पुसायला टेकले. कुठे टेकणार? दुकानात खुर्ची होती का एक तरी?

जाग आली तेव्हा बाजारात दिवे लागलेले. उत मावशी कमरेवर हात ठेवून ओरडतेय, "इतकी गिऱ्हाइकं, आणि मला उठवायला काय धाड भरली होती?" काका म्हणाले, अंधारात डोंगरात गाडी घालणार नाही, ट्रिप रद्द! लोआननं मला घाबरट म्हणायला तोंड उघडलं, पण तिच्याच गालावर जाळीचे चौकोन उमटलेले... मिटलं परत.

झोळी घेतली हो मी. तीच. हलकी हवी, एवढंच तर म्हणणं होतं! घरी आहे. आईनं ती लोखंडी चौकटीला टांगलीय, दुपारभर स्वतःच पडलेली असते तीत... आणि मी उठवणार कशी?