उन्हाचं क्रीम, सावलीतला माणूस

...आणि वर पडदे ओढलेले! तुम्हाला सांगतो, उन्हाचं क्रीम अंगभर थापून चार दिवस बंद खोलीत बसवलं मला. म्हटलं, "अहो, ऊन कुठाय?" तर नर्सबाई म्हणतात, "ऊन नकोच, काका. क्रीम रक्तात उतरतं का, तेवढंच सरकारला बघायचंय." बरं, चूक कुणाचीच नाही!

मी गेलो कशाला? आमच्या हिच्यासाठी हो! ही वाहतूक पोलीस. दिवसभर चौकात. इथलं कुठलंही क्रीम लावलं की तोंडावर फोड, नाही लावलं की सालपटं! मेव्हणीनं परदेशातून एक ट्यूब आणली, नव्या रसायनाची. फोड नाहीत, आग नाही... म्हटलं, सुटलो बुवा! तर ते रसायन इथं मंजूरच नाही. ट्यूब संपत आली, दुसरी विमानतळावर जप्त. गेलो मंजुरीच्या कचेरीत. साहेब चष्मा पुसत म्हणतात, "तिकडे चालत असेल हो, पण उद्या इथं कुणाला काही झालं तर? तपासायला माणसं हवीत." तेही खरंच. चूक कुणाचीच नाही! म्हटलं, हा घ्या माणूस!

मग काय... थापा, टोचा, रक्त काढा, पुन्हा थापा! अंग इतकं बुळबुळीत की खुर्चीत टिकेना. हिचा फोन, "अहो, जेवलात का?" जेवतोय कसला, चमचा हातात राहील तर ना!

आणि परवा डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून, "काका, क्रीम लावायच्या आधीच्या रक्तातसुद्धा ते रसायन! वापरलं नाही म्हणालात ना?" मी कुठे वापरलं? रोज सकाळी हिच्या मानेला मागून चोळून द्यायचो, आणि तळहाताला उरलेलं, एवढं महागाचं, धुवायचं कशाला म्हणून आपल्याच दंडांना पुसायचो... झालं! मी बाद, मंजुरी लांबणीवर, ही पुन्हा फोड घेऊन चौकात. चूक कुणाचीच... जाऊ दे, ही माझीच!

घरी तोंड पाडून सांगितलं. ही म्हणाली, "असू द्या हो, लावून देत तरी होतात." डोळेच भरून आले माझे.

आता त्या तपासणीवाल्यांना माझ्या जागी असा माणूस हवाय, ज्यानं बायकोला कधी क्रीम लावूनच दिलं नाही. सामान आणायला परत गेलो तेव्हा म्हटलं, अहो, असा कुठून मिळायचा?

नर्सबाई म्हणतात, "काका, बाहेर रांग लागलीय!"