जिवंतपणीच्या सत्तेचाळीस श्रद्धांजल्या

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न छोटासा — आपलं माणूस खरंच आपलं आहे, हे कळतं कधी? वाढदिवसाला? लग्नात? उत्तर मोठ्यानं नको, मनात ठेवा. आणि ते खांबाला टेकलेले काका झोपले असतील तर झोपू द्या — फक्त श्वास चालू आहे ना, बघा!

साताऱ्यात दिगंबर टेंबे म्हणून एक गृहस्थ. वय चौऱ्याहत्तर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पण दिगूला चिंता कसली? बी.एस्सी.च्या वर्गाचा ग्रुप होता ना! बासष्ट जण! रोज सकाळी फोनवर गुलाबांचा ढीग. प्रत्यक्ष भेट? बावीस वर्षांत एकदा — तीही एकाच्या तेराव्याला!

एक दिवस डॉक्टर म्हणाले, "टेंबे, पोटात गाठ आहे. उद्या आठला काढू. सही करायला, बाहेर बसायला आपलं एक माणूस आणा. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

बासष्टांतून एक! दिगूनं दुपारी ग्रुपवर लिहिलं — "मित्रहो, कळवण्यास वाईट वाटते की..." इथं चुकला, मंडळी! या वयात असं सुरू झालेलं वाक्य पुढं वाचतो कोण? पहिल्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' दुसऱ्यानं हात जोडले. मग काय, रांगच! पाच वाजेपर्यंत सत्तेचाळीस! चहा पीत दिगू वाचतोय — 'देवमाणूस गेला'. त्याला वाटलं, अरे, हे आधी का नाही बोललात?

होस्टेलवर एका खोलीत राहिलेला यशवंत शेलार — ज्याची जर्नलं, बेडकाच्या आकृत्यांसकट, तीन वर्षं दिगूनं लिहिली — त्यानं विचारलं, 'मी पोरका झालो. कुठे, किती वाजता?'

'मी जिवंत आहे' असं लिहिता लिहिता दिगू थांबला. खोडलं. लिहिलं — 'सकाळी आठ. बसस्थानकामागचं हॉस्पिटल, तळमजला.' गेलेल्याच्या फोनवरून उत्तर कोण देतंय, हे विचारलं कुणी? छे!

आणि मंडळी, शेलार आला! हातात हा एवढा हार! बाकावर दिगू.

"अरे — तू?"

"मीच. बस. सही कर."

"म्हणजे... गेला नाहीस?"

"अजून नाही. ऑपरेशन आहे. माणूस लागतं."

शेलारनं हार पाठीमागं नेला. "सही म्हणजे जबाबदारी रे, दिगू. काही झालं तर? सूनबाईला विचारून सांगतो."

"यशा, सही राहू दे. नुसता बस."

"संध्याकाळी येतो ना! घाबरू नकोस, आम्ही सगळे आहोत!" — असं म्हणून त्यानं दिगूसोबत फोटो काढला, ग्रुपवर टाकला. 'आपला दिगू ठणठणीत!' तो दाराबाहेर पोचेपर्यंत एकोणचाळीस अंगठे!

नर्स म्हणाली, "आजोबा, तुमचं माणूस कुठंय?"

"आलं होतं," दिगू म्हणाला.

ऑपरेशन रद्द. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. गाठ काही पंधरा दिवस थांबली नाही, मंडळी.

आता तुमच्याही वर्गात असा एक असेल. आला डोळ्यांसमोर? छान. आख्यान इथंच थांबवतो. मंडपामागं शांत जागा आहे. जा, फोन लावा, त्याचा आवाज ऐकून या. पेटीवाले, तुम्हीही थांबा. घाई नाही...

कुणीच नाही?

बरं. आरतीला तरी उभे राहता ना? उठा.